गिळणं

सातव्या रात्री
जिज्ञा झोपेत गिळत होती.
वाटलं, स्वप्नात काही खातेय.
मग मोजलं. मला मोजायची सवयच आहे,
ड्रिपच्या नळ्या टाकतो मी यावल-रावेरच्या केळीत.
बोटावर थेंब धरून सांगतो
ड्रीपर चालू आहे की चोकअप.

मिनिटात अकरा वेळा.
नऊ वर्षांची पोर, पोट रिकामं,
इतकं काय गिळते?
मोबाईलचा उजेड धरला.
ओठाच्या कोपऱ्यात
विडा खाल्ल्यासारखी रेघ
आणि उशीवर तिचंच मोठं भावंड.

फैजपूरहून भुसावळ.
मागच्या सीटवर निर्मला, मांडीत जिज्ञा,
जिज्ञाच्या हनुवटीखाली पातेलं.
"थुंक माय, गिळू नको, थुंक."
पुलावर तिनं ओकलं ते लाल नव्हतं,
काळपट होतं, जुनं,
पोटात संध्याकाळपासून लपवलेलं.
खाली तापीला पाणी होतं की नाही
मी पाहिलं नाही.

डॉक्टर फेगडे बनियनवरच ॲप्रन चढवत आले.
घशात बॅटरी मारली.
"डावीकडची खपली सुटलीय.
थिएटर तयार ठेवा. आधी औषध देऊन बघू."
औषधाचं नाव आगगाडीएवढं लांब,
मला शेवटचा डबा तेवढा ऐकू आला:
ॲसिड.
आम्ही ॲसिड सोडतो
नळ्यांत साचलेला क्षार जाळायला.
मी सलाईनच्या स्टँडला धरून उभा राहिलो.

वळवी सिस्टर ॲम्प्यूलची मान मोडत म्हणाल्या,
"जाळत नाही भाऊ हे.
रक्ताची गुठळी अंगच बांधतं
अन् मग अंगच ती विरघळवायला बसतं.
हे औषध त्या विरघळवणाऱ्याला सांगतं,
थांब जरा."

थांब जरा.
बूच नाही, जॉइंट नाही,
सोल्युशन लावून दाबून धरणं नाही.
जे तिनं स्वतः बांधलंय
ते तिलाच मोडू न देणं,
एवढ्यासाठी एक काचेची कुपी.

थोडं शिरेतून गेलं.
थोडं मास्कमधून, धुक्यासारखं,
फवारणी पंपासारखं घुरघुरणारं यंत्र
आणि त्याच्या मागे जिज्ञाचे डोळे.

"कडक काही खाल्लं का हिनं?"
"नाही हो," निर्मला म्हणाली, "मऊ भात, गार दूध.
मी स्वतः भरवते."
मी गिळलं.
सावद्याच्या वळणावर
काल कढईतून काढत होते केळीचे वेफर्स.
तिनं तोंडानं नाही, डोळ्यांनी मागितले.
चार दिले. चारच.
तिखट न टाकलेले.
डॉक्टर बॅटरी खिशात ठेवत म्हणाले,
"सहाव्या-सातव्या दिवशी खपली आपोआपही पडते,"
आणि हे म्हणताना
त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं
असं मला वाटलं.

साडेतीन.
थेंब मोजू नका, सिस्टर म्हणाल्या.
मी थेंब मोजत नव्हतो.
आठ.
पाच.
मध्येच पुन्हा सात, निर्मलानं माझं मनगट धरलं.
मग चार.
मग बराच वेळ दोन.

पहाटे परत बॅटरी.
"थांबतंय," डॉक्टर म्हणाले.
"थांबलं" म्हणाले नाहीत.
थिएटरचा दिवा तसाच ठेवला चालू.
रेल्वे यार्डात कुठेतरी
डबे एकमेकांना आपटले.

जिज्ञानं मास्क वर सरकवला,
बोलायला मनाई,
माझ्या मापाच्या वहीकडे बोट केलं.
लॅटरल, सबमेन, एंड कॅपच्या हिशोबाखाली
पेन्सिलीनं लिहिलं:
मम्मीला सांगितलं का.

मी ते पान फाडलं.
घडी घालत होतो
तेव्हा निर्मलानं
शांतपणे हात पुढे केला.